पेटीवाला

डॉक्टर गायधनी रात्री फोनवर म्हणाले होते,
"फोटोत टू-ए दिसतंय. तू थ्रीचं सामान आण."

टू-ए म्हणजे एका बाजूचं हाड गेलेलं,
टू-बी म्हणजे दोन्ही.
थ्रीला सगळ्या पेट्या लागतात.
पहाटे सातपूरहून ओमनीत सहा घातल्या,
गंगापूर रोडला उतरवल्या तेव्हा हात भरून आले.

द्वारकाबाई तांबट, गुडघा बारा वर्षांपूर्वीचा.
स्ट्रेचरवरून विचारलं, "तुम्ही डॉक्टर?"
"नाही मावशी, पेटीवाला."
"मग मापाचं द्या हो.
आमचे हे म्हणतात, माप चुकलं
की ठोकून काही होत नाही."

जुना सांधा निघाला
आणि आत कोणी बोललं नाही.
धातूच्या सावलीमागचं फोटोत दिसत नाही.
प्लास्टिकची पूड, पिठाहून बारीक,
तिच्यापायी शरीरानं आपलंच हाड खाल्लेलं.
चमचा फिरला तसं येत गेलं
चहात भिजलेल्या खारीसारखं.
"मांडीकडे टू-बी," डॉक्टर म्हणाले. थांबले.
"नडगीकडे थ्री."

रामकुंडात अस्थी विरघळतात म्हणे.
वडिलांच्या सोडल्या तेव्हा वाकून पाहिलं होतं,
पाणी हिरवं, काही कळलं नाही.
इथे दिव्याखाली सगळं कळत होतं.

मग माझी धावपळ. कोन, मधला. नको, मोठा.
पावासारखी छिद्रं असलेला धातू,
त्यात हाड शिरेल हळूहळू,
शिरलं तर.
मांडीला ठोकळे, एकीकडे दहा मिलिमीटर, एकीकडे पाच.
पोकळीत लांब दांडा.
सिमेंट थोडंच; खड्डा लहान असता
तर नुसत्या सिमेंटवर भागलं असतं.
सांध्याची रेघ कुठे होती?
कडाच नाही, तर मोजायचं कुठून?
डॉक्टरांनी फिब्युलाचं टोक चाचपलं,
दीड सेंटीमीटर वर बोट ठेवलं
आणि म्हणाले, "इथे असावी."

बाहेर यजमान. जुना सांधा धुऊन
स्टीलच्या वाटीत दाखवला.
त्यांनी उचलला, नखानं टिचकी मारली, कानाशी धरला.
"खणखणीत आहे की.
भांडं चांगलं होतं हो.
चूल खचली."

मग विचारलं, "आता किती वर्षं?"
मी म्हटलं, डॉक्टर येतीलच,
आणि खाली बसून पेट्या मोजायला लागलो.
वापरल्याच्या खाचा रिकाम्या, ते बरोबर.
सोळा नंबरची ट्रायल तेवढी
कुठेच सापडत नव्हती.