डावा गाल

मशीनचा पाट चार फूट बाय चार.
डोंगा सोळा फुटी.
हेमराजभाऊ कापगते म्हणाले, ऑर्डर सोडायची नाही,
मच्छीमार सोसायटीला बारा पाहिजेत, फायबरचे,
आधी साचा कर.
आयटीआयनं मला शिकवलं होतं
चार इंची फ्लँजला भोकं पाडायला.

स्क्रीनवर मी तो कापला.
चारात बसला असता, पण पकडपट्ट्यांना जागा लागते,
म्हणून पाच.
जिथं वळण सरळ होत जातं तिथून छेद,
म्हणजे सांधा घासायला सोपा.
प्रत्येक तुकड्याला खुंट्या दोन, भोकं दोन,
आणि शून्य सगळ्यांचं एकच.
ठोकळ्याच्या कडेवरून शून्य घ्यायचं नाही
हे मी भिंतीवर खडूनं लिहिलं, माझ्यासाठीच.
ठोकळा खोटं बोलतो.
दमट हवेत एमडीएफ फुगतो
आणि सकाळी सांगतो, मी असाच होतो.

अकरा रात्री.
आधी जाड टूल, पायऱ्या-पायऱ्यांनी,
बांधीतून बांधीत पाणी उतरावं तसं,
मग गोल नाकाचं, अर्ध्या-अर्ध्या मिलीमीटरनं,
नांगरल्यासारखं, पण किती हळू.
लाईन गेली की टूल तिथंच थांबायचं
साच्याच्या अंगात नाक खुपसून,
आणि मी मोबाइलच्या उजेडात ओळ नंबर शोधायची,
चौदा हजार दोनशे सहा.
शेजारच्या राइस मिलचा कोंडा न् आमची भुकटी
अंगणात एकच व्हायची.
आई म्हणायची, केस पिकवून आली पोट्टी.

पाची जोडले.
सांध्यात कागदसुद्धा जाईना.
मी हेमराजभाऊंना कागद घालून दाखवला, दोनदा.

मग सदाराम वलथरे आले, सायकल भिंतीला लावून.
त्यांचाच डोंगा मी मोजला होता,
तलावाच्या पाळीवर पालथा घालून,
दर फुटाला पट्टी, ओळंबा, वही.
उजवी बाजू झाली तेव्हा अंधार पडत होता.
डावी मी मिरर केली. एक क्लिक.

सांध्यांवरून त्यांचा तळवा न थांबता गेला.
मी श्वास सोडला.
मग ते मधोमध उभे राहिले,
दोन हात दोन बाजूंना,
तापलेल्या लेकराचे गाल धरावेत तसे.
"याचा डावा गाल कोठी गेला, पोरी?"

मी गप्प.

"जारं फेकतो आमी उजव्या हातानं,
पाय रोवतो डाव्या कडेले.
बाबानं तिकडं बोटभर पोट ठेवलं व्हतं.
हा तं आरशातला डोंगा हाये."

त्यांचा एका खोडातून कोरलेला.
कोरणाऱ्यानं मध्यरेषा काढली असेल का कोळशानं,
आणि मग ओलांडली असेल, जाणून?

रविवारी मी पाळीवर परत गेले.
डावी बाजू मोजली, दुपारच्या लख्ख उन्हात.
आठव्या फुटाला अठरा मिलीमीटर जास्त.
एक बोट. त्यांचं, माझं नाही.

हेमराजभाऊ बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, फेकायचं काही नाही.
मधल्या तिघांच्या डाव्या अंगावर पातळ फळ्या चिकटवल्या,
टोकाचे दोघं होते तसेच राहिले.

सदारामकाकांना मी विचारलं,
सोसायटीत एक जण डावखुरा आहे ना, त्याचं काय?
ते हसले.
"थो उलट्या तोंडानं बसते.
डोंग्याले कोठी मागं-पुढं असते?"

रात्री साडेअकराला तिसरा तुकडा परत पाटावर.
शून्य तेच.
उजवीकडं टूल नुसतंच फिरत गेलं, हवेत,
आधी कापलेल्या जागेवरून,
कशाला न लागता, एक ओळ, दुसरी ओळ,
मी जांभई दिली, चहा ओतला.
मग आवाज बदलला.