मुद्दा चौथा

कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या टपरीला लागून माझं टेबल.
निवृत्तीनंतर अपिलं टाइप करतो, पानाला वीस रुपये.

नरसव्वा आली. बोटांना तंबाखूचा वास,
निकालाची नक्कल विड्यांच्या कट्ट्यासारखी
दोऱ्यानं आवळलेली.
"कोडुकु," म्हणाली. मग मराठीत, "पोरगं माझं."

वकीलसाहेब सांगत गेले:
गुन्हा शाबीत, त्याला हात लावायचा नाही,
शिक्षा तेवढी जबर.
एक, पहिलाच गुन्हा.
दोन, कारखान्यात भांडण उसळलं, हाताशी धोटा होता.
तीन, दोन वर्षं आतच काढलीत.
चार, वय एकोणीस असताना
जबाबात एकोणतीस लिहिलं गेलं,
म्हणून निकालात, "आरोपी अजाण नाही."

जबाबाची तारीख मी ओळखली.
पंखा बंद, जेवणाची सुट्टी तोंडावर,
एक आणि दोन
शेजारीशेजारीच असतात.

दहा वर्षं.

"किती कमी व्हतील?"
हायकोर्टाच्या हातात, मी म्हणालो.
पैसे नको म्हटलं.
तिनं मोजून ठेवले, पाच पानांचे शंभर,
कुणाचं ठेवून घ्यायची सवय नाही म्हणाली.

"लिहिलं गेलं."
कर्ता नसलेलं वाक्य.
मी ते तसंच टाइप केलं.