सहा एमेमचं भोक

उद्यमनगरात सकाळी आठला
पट्टे फिरायला लागले की
कुणी बोलत नाही, ओरडतो.
त्या आवाजात ती पोरगी कानाशी येऊन म्हणाली,
“मिस्त्री, हे भोक कशाला?”

आयटीआयची. शिकलगारांची अर्शिया.
कामावर तिसरा दिवस,
बोटांना अजून कूलंटचा वास बसला नव्हता.

मी ब्रॅकेट हातात घेतलं.
बिडाचं, तळहाताएवढं,
डाव्या कानाला सहा एमेमचं आरपार भोक.
एकोणीस वर्षं मी ते पाडतोय.
दिवसाला दीडशे धर, गावची म्हाई आणि संप वगळून,
रंकाळ्याला वेढा पडेल एवढी भोकं,
आणि एकाचंही कारण सांगता येईना.

“ड्रॉइंगात हाय,” मी म्हटलं.
“ड्रॉइंगात कशाला हाय?”

माझे उस्ताद असते तर पाना फेकून मारला असता.
त्यांना मी एकदाच काहीतरी विचारलं होतं,
काय ते आठवत नाही,
चापट आठवते.
“हात चालीव,” म्हणाले,
“तोंड चकला दिलंय, तुला कशाला पायजे?”
तेव्हापासून हात चालला. चांगला चालला,
पाचगावात दोन खोल्या झाल्या त्यावर.

पण त्या दिवशी ड्रिल खाली येईना.
दुपारी जिरगे साहेबांच्या केबिनमधून
इचलकरंजीला फोन लावला.
पलीकडं मगदूम, मागवाले. बराच वेळ गप्प.
मग त्यांनी कुणाला हाक मारली,
त्यानं आणखी कुणाला.
शेवटी एक म्हातारा आवाज आला:
पूर्वी त्यातनं तेलाची नळी जायची.
ते माग भंगारात गेले, चौदा वर्षं झाली.
“मग आता?”
“आता आम्ही ते बुजवतो.
लांबी भरायची, घासायचं, वरनं रंग.
एक गडी ठेवलाय त्याला.
आम्हाला वाटलं, तुम्हाला धरायला लागत असंल.”

साहेब हसले. मीही हसलो.
मग हसू आपोआप थांबलं.
मला तो गडी दिसत राहिला,
चौदा वर्षं माझ्या मागोमाग
माझं काम पुसत आलेला.
त्याचं नाव काय, तेवढं विचारायचं राहिलं.

रात्री साडेबाराला मी उठतो. रोजचं आहे.
स्वयंपाकघरातला दिवा मालन चालूच ठेवते,
तो बंद करायचा,
उठलोच आहे तर घोटभर पाणी प्यायचं,
लाइटबिलावर पुटपुटायचं, झोपायचं.
त्या रात्री पुटपुटलो नाही.
“दिवा का ठेवतीस गं?”
ती कुशीवर वळली.
“तुमी पाण्याला उठता न्हवं?
अंधारात ठेचकाळशिला. म्हणून ठेवतो.”

मी आढ्याकडं बघत पडलो.
बावीस वर्षं
मी दिव्यासाठी उठत होतो,
दिवा माझ्यासाठी जागत होता.

दुसऱ्या दिवशी अर्शियाला सांगितलं, भोक बंद.
तिनं मान डोलावली,
ब्रॅकेट उलटं केलं, बोट फिरवलं,
“मग ही मागची कड कशाला घासायची?”
मी म्हटलं, बाई, आधी चहा सांग.

त्या रात्री दिवा मालवून झोपलो.
तरी साडेबाराला जाग आली.
घसा कोरडा. तहान खरीच होती की,
इतकी वर्षं मला वाटायचं नुसता दिवा.
चाचपडत निघालो, आणि उंबऱ्याशी टेकवलेल्या
गुळाच्या ढेपेवर अंगठा.

अंधारातनं आवाज आला,
“लागलं काय?”

“न्हाई,” म्हटलं,
आणि अंगठा धरून एका पायावर
उभा राहिलो तसाच.
हे असं किती वेळा
कानावरनं गेलं असेल,
ड्रिलच्या आवाजात.

मग विचारलं,
“तुला आणू काय, पाणी?”

ती बराच वेळ काही बोलली नाही.