तिकडची हवा

मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत,
पिशवी इराबत्तींच्या खिशात.
"बारा बाय अठरा. फ्रेमसकट," म्हणाले,
आणि काउंटरवर हात ठेवले.
नखांच्या कडा अजून हिरव्या,
रंगखातं सोडून चार वर्षं झाली तरी.

स्क्रीनवर नॉर्वे.
काळे डोंगर, बर्फ, आणि वर
कुणीतरी पिळून वाळत टाकलेली
आभाळभर हिरवी लड.

मी दाजी पेठेत लग्नं काढतो, बारशी काढतो,
पासपोर्टला दोन्ही कान दिसतील असे चेहरे काढतो.
असलं आभाळ माझ्या मशीनमधून कधी गेलं नव्हतं.
पहिली प्रिंट पोपटी आली. दुसरी शेवाळी.
त्यांनी एकेक दारात उजेडाला धरली:
"हळद जास्त पडली. जरा निळं सोडा."
चौथ्या प्रिंटला मान हलली.

मग बोट खाली आलं, बर्फावर.
"हा डाग कसला?"

मोठं करून पाहिलं.
डाग नव्हता, श्रावंती होती.
शटर उघडं ठेवून पुढं धावत गेली असणार,
उभी राहिली असणार दहाएक सेकंद,
आणि थंडी म्हणा, हसू म्हणा,
लवकर निघाली.
तिच्या जाकिटातून डोंगर दिसत होता.
कपाळाच्या जागी एक चांदणी.

"हिला भरता येईल का?"
रफूवाल्याला विचारावं तसं विचारलं त्यांनी.

रात्री बसलो. तिचा दहावीचा फोटो माझ्याकडंच होता,
दोन वेण्या, निळी रिबन.
तो चेहरा नेऊन बर्फात बसवला.
बसेना.
सोलापूरचं ऊन होतं त्याच्या गालावर,
ते कुठं लपवायचं?
दोन वाजता सगळं पुसलं,
पोरगी परत आरपार केली.

सकाळी सांगितलं, नाही जमत.
ते दुसरंच बोलायला लागले.
"काल फोन होता. म्हणते, नान्ना,
डोळ्यांना हे एवढं हिरवं दिसतच नाही,
अम्माच्या विडीच्या धुरासारखं दिसतं, राखाडी.
कॅमेरा थांबतो, म्हणून त्याला रंग सापडतो.
आणि रंग कुणाचा, तर हवेचा. वरच्या प्राणवायूचा."
हसले.
"मी तीस वर्षं काय केलं मग?
आमचा पक्का हिरवा हौदातून निघताना काळा-निळा.
झटकायचा, दांडीवर टाकायचा.
हवा लागली की हिरवा."
प्रिंटची कड बोटानं सरळ केली.
"गल्लीत म्हणतात, पोरीला तिकडची हवा लागली."

जाता जाता:
"आमचा पण एक काढा. रात्रीचा. तसाच, उघडा ठेवून."

त्यांची गच्ची. खाली आठ माग.
ट्रायपॉड थरथरत होता.
चांदण्या मुळात मोजक्या,
त्यांच्याही स्क्रीनवर अळ्या होत होत्या.
साडेअकराला वीज गेली.
माग थांबले. मग शेजारचे. मग पेठ.
तुळजापूर नाक्याच्या बाजूला,
पाण्याच्या टाकीला टेकून ध्रुव दिसला,
इतका खाली, की तिच्या तिथं तो
जवळजवळ डोक्यावर असतो हे पटेना.

"तीस सेकंद. हलू नका."
इराबत्ती हलले नाहीत,
हौदाच्या काठावर आयुष्य काढलेला माणूस.
राजव्वा पंधरापर्यंत उभ्या राहिल्या,
मग त्यांना गॅसवरचं दूध आठवलं.
सव्विसाव्या सेकंदाला वीज आली,
खाली सगळं एकदम धडधडलं.

फोटोत आभाळ केशरी, कडेनं मळकट.
टाकीला दोन कडा.
इराबत्ती ठाम, जरा जास्तच, पासपोर्टला बसल्यासारखे.
आणि शेजारी राजव्वांच्या पदरातून
दिसणारा दोरीवरचा टॉवेल.

"यांना भरू का?" मी विचारलं.
त्यांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिलं.
"नको," म्हणाले.
"आईवर गेलीय, म्हणजे."
आणि फ्रेमचे पैसे मोजायला लागले.