फुली

वाल नदीच्या तळाची खडी उपसताना
तेउनिसच्या बादलीत काहीतरी खडखडलं.
त्याला वाटलं, घमेलं.
उलटं करून पाहिलं तर कपाळावर भुवया,
लोखंडात ठोकून उठवलेल्या,
आणि खाली डोळ्यांची जागा मोकळी.
डबा खाता खाता तो त्या भुवयांकडे बघत बसला.
मग टॉवेलात गुंडाळून नायमेखेनला पोचवलं
ते रोमन शिपायाचं शिरस्त्राण.
"उपाशी दिसतंय," एवढंच म्हणाला.

ऑडा सहा आठवडे भिंगाखाली.
काळी माती, सुईच्या टोकानं, कणाकणानं.
कानांवरच्या कमानी. गालपटांच्या बिजागऱ्या.
आत चिकटलेली चार बोटं लोकर, कुणाच्यातरी घामाची.
कडेनं पितळेची पट्टी,
तिच्यावर एकेकाळी कल्हई,
लांबून चांदी वाटावी म्हणून.
कल्हई नदीनं खाल्ली. पितळ उघडं पडलं,
आणि कुणाचीच अब्रू गेली नाही.

गालपटांवर फुल्या, चार.
तीन आठ पाकळ्यांच्या,
मधोमध लाल मिन्याचा थेंब.
चौथी सात पाकळ्यांची,
मीना नाही, रिव्हेट तिरका.
छावणीबाहेरच्या कुणा ठोकणाऱ्याकडून
घाईत बसवून घेतलेली.
आठवीपुरते पैसे नसतील,
किंवा पहाटे कूच असेल.

मागे मानपट्टीवर ठिपक्याठिपक्यांत नावं:
व्हेतुरियुस. त्यावर फुली.
आर्रुन्तियुस. त्यावर फुली.
ही फुली वेगळी. छिन्नीचे दोन तिरपे फटके,
ज्याला टोप मिळाला त्यानं मारलेले.
तिसरं नाव मोठ्या अक्षरांत,
ओळ उताराला लागलेली: तौरिकुस.
त्यावर काहीच नाही.

तो टोपासकट बुडाला,
की नोकरी संपल्यावर त्यानंच हे
पाण्याला देऊन टाकलं,
ऑडानं मानपट्टी तीनदा फिरवून पाहिली.
तिच्या फॉर्मवर 'मालक' या शब्दापुढे
एकच ओळ असते.
ती कोरी राहिली.

पहिल्याच रविवारी तेउनिस आला, लेकीला घेऊन,
नवा शर्ट, कॉलरला अजून टाचणी.
पाटी वाचली: वाल नदीच्या पात्रात सापडले.
पुन्हा वाचली.
काही शोधत नव्हतो असा चेहरा केला.

लेक काचेला नाक लावून पाकळ्या मोजत होती.
"बाबा, हे एक चुकलंय."
तो वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला.
"थंडीत बसवलं असणार," म्हणाला,
"हात गारठले की होतं असं,"
आणि आपले हात खिशात घातले.