जर-तर

दिवसा ते यंत्र गिरण्यांचं असायचं.
सुताचा ताण, टनांचे हिशेब, कुठल्या खात्यात किती नासाडी,
सगळं न कंटाळता छापून द्यायचं.
रात्री दोन ते चार मात्र रिकामं,
आणि त्या दोन तासांसाठी हालश्का
वूच शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून बर्फ तुडवत यायची,
बुटांच्या खोक्यात चित्र घेऊन.

चित्र म्हणजे तीनशे बारा कार्डं.
करडी, भोकं पाडलेली, रबरानं बांधलेली.
मी रात्रपाळीचा ऑपरेटर. विचारलं, रंग कुठंयत?
म्हणाली, रंग नाहीत. जर आहे आणि तर आहे.
एवढ्या दोन धाग्यांत जरतार विणता येते,
सोनं लागत नाही.

मग एकेका कार्डावर बोट ठेवून वाचून दाखवलं:
रेघ कडेला पोचली, तर मागं फीर.
शेजारणीला खेटली, तर अंग चोर.
आसपास कुणीच नसलं, तर
(इथं ती जरा थांबली)
तर फासा टाक, आणि पडेल तिकडं वळ.

फाशाला आधी एक आकडा द्यावा लागतो.
त्याला बी म्हणतात.
तेच बी पेरलं की तेच चित्र उगवतं, काडीचाही फरक नाही.
तिचं बी चारशे सतरा,
आईच्या मागाचा नंबर.
एकोणतीस वर्षांत त्या मागानं आईचे कान खाल्ले होते,
आता ती माणसांचे ओठ वाचायची.

फेब्रुवारीतल्या एका रात्री हालश्का चहा आणायला गेली
आणि माझ्या हातून खोकं सुटलं.
फरशीभर कार्डं.
गोळा केली, कोपऱ्यातले क्रमांक बघत लावली,
दोनशे सहा आणि दोनशे सात तेवढी उलटी गेली.
कागदाच्या खालच्या अर्ध्या भागाची होती ती दोन.
'आधी चाल, मग वळ' होतं,
'आधी वळ, मग चाल' झालं.

प्लॉटरचं पेन खरखरत निघालं.
निम्म्या कागदापर्यंत रेघा शहाण्यासारख्या चालल्या,
मग सगळ्या एकदम कलल्या,
कुणी मागून हाक मारल्यासारख्या.
हालश्काच्या हातातला ग्लास तसाच निवला.
'हे मी लिहिलेलं नाही,' ती म्हणाली,
आणि इतकी हसली, इतकी,
की मला बोलायचं होतं ते राहिलं.
ती गेल्यावर मी कार्डं सरळ करून ठेवली.

त्यानंतर तिनं ते बी किती रात्री पेरलं!
उगवायचं ते गुणी, सरळ, पहिलंच चित्र.
दर वेळी कार्डं मीच घालत होतो.

वसंतात प्रदर्शन लागलं.
टाय लावलेले एक गृहस्थ यंत्राच्या स्वातंत्र्यावर
अर्धा तास बोलले.
यंत्र तेव्हा मोज्यांचा हिशेब करत होतं.

मग तिची आई आली, गेनोवेफाबाई, बुटांना चिखल.
तिनं चित्र समोरून पाहिलंच नाही.
टाचण्या काढल्या, कागद उलटा केला.
कापड मागून पारखतात.
पेनाचे वळ बोटानं चाचपत खाली खाली आली,
आणि निम्म्यावर बोट अडलं.
'इथं पाळी बदललीय,' ती मोठ्यानं म्हणाली,
कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी.
'इथून खाली दुसऱ्या कुणाचा हात आहे.'

'हात कुणाचाच नाही गं आई.'
आईनं लेकीचे ओठ वाचले. पटलं नाही.
मग दालनातल्या एकेकाचे हात बघत गेली.
मी माझे कोटाच्या खिशात घातले.

यंत्र केव्हाच भंगारात गेलं. गेनोवेफाबाई गेल्या.
हालश्का परदेशातून नाताळाला कार्ड पाठवते, साधं, बिनभोकाचं,
दर वर्षी तळाशी तोच प्रश्न, अर्धा थट्टेत:
ते कोण होतं, कळलं का रे?

लिहायला बसतो.
जर मी त्या रात्री बोललो असतो, तर

पुढचं कार्ड कोरं आहे.