खाच

कोक्कोलाच्या तपासणी केंद्रातल्या माणसाने
कागदावर एकच ओळ लिहून दिली:
प्रवासी बाजूच्या एअरबॅगचा स्विच, सदोष.
लाल दिवा पहिल्या हिमापासून जळत होता.
तुओमो म्हणायचा, थंडीने होतं असं, मार्चात विझेल.

मार्च उलटला.

मग टपालाने आला नवा स्विच,
काडेपेटीएवढ्या खोक्यात, बत्तीस युरोंचा.

व्हिएनो सतरा वर्षांची, तंत्रशाळेत दुसऱ्या वर्षाला.
बापाला म्हणाली, तू फक्त टॉर्च धर.
बॅटरीची काळी वायर तिनेच सोडवली,
टोकावर लोकरी मोजा चढवला, चुकून शिवू नये म्हणून,
आणि घड्याळ लावलं: दहा मिनिटं.
"कशाला थांबायचं?"
"आत साठलेलं असतं थोडं. ते उतरू दे."
तुओमोने मान हलवली. घरात हा नियम
तो सव्वीस वर्षं पाळत आलाय, वायरीशिवाय.

उजवं दार उघडलं की डॅशबोर्डच्या कडेला,
जिथे एरवी कुणाची नजर जात नाही,
एक बटणाएवढी चकती, तिच्यात किल्लीपुरती खाच.
चिकटपट्टी गुंडाळलेल्या स्क्रूड्रायव्हरने
तिने कड उचलली, हळूच,
दुधाचा दात हलवून पाहावा तशी.
मागे पिवळा जोड.
पिवळ्याला जपायचं, पहिल्याच तासाला सांगितलं होतं शाळेत.

सुटून आला स्विच हातात. आणि ती थांबली.
"बाबा, हा ऑफवर आहे."
"बिघडलाय म्हणूनच ना?"
"बिघडला आत्ता. ऑफ कुणीतरी केलाय."

टॉर्चचा उजेड जरासा हलला.

ऑगस्ट होता. सामान भरून तयार.
सहा महिन्यांची व्हिएनो पुढच्या सीटवर,
मागे तोंड करून, त्याच्या हाताच्या अंतरावर.
पिशवी फुगली तर तान्ह्या मानेला घात,
म्हणून त्यानेच किल्ली घालून खाच फिरवली होती,
दोनदा तपासली होती, खाली उतरून तिसऱ्यांदा.
पुढे बाळाची खुर्ची मागच्या सीटवर गेली,
मग माळ्यावर, मग भावाकडे, उत्तरेला.
किल्ली परत फिरवायची राहिली.

आरशाजवळ तेव्हापासून एक पिवळा ठिपका.
या गाडीला असतोच तो, असं सगळ्यांनी धरून चाललं.

सोळा वर्षं त्या सीटवर औलिक्की.
संत्री सोलताना. पाय वर घेऊन झोपताना.
सेइनायोकीच्या रस्त्यावर एल्क आडवा आला,
गाडी घसरत घसरत बर्फाच्या ढिगात रुतली,
आणि ती हसत सुटली, खूप वेळ, थरथरत,
तेव्हाही तिच्या छातीसमोर
घडी घातलेली पिशवी गाढ झोपेत.

जे झालंच नाही त्याचं काय करायचं?
त्याला ना पंचनामा, ना टाके.
त्याची माफीसुद्धा नीट मागता येत नाही,
शब्द तोंडात येईपर्यंत समोरचा माणूस
धडधाकट उभा असतो, मटारचं सूप ढवळत.

नवा स्विच टक् करून बसला.
किल्ली मात्र व्हिएनोने बापाच्या हातात दिली.
खाच त्यानेच फिरवली. ऑनकडे.
मग गाडीतून सगळे बाहेर, असं ती म्हणाली,
बॅटरी जोडली, मोजा खिशात घातला,
बाहेरूनच वाकून इग्निशन दिलं.
सगळे दिवे एकदम लागले, मग एकेक गेले.
लाल गेला.
आरशाजवळ आता नुसती काळी काच.

औलिक्की कॉफी घेऊन आली, घरातल्या चपलांनीच,
वितळत्या बर्फाच्या राड्यातून.
"काय होतं एवढं?"
"कॉन्टॅक्ट," व्हिएनो पटकन म्हणाली, "गंजला होता."
औलिक्की सवयीने आपल्या सीटवर टेकली,
पट्टा ओढून पाहिला, वर नजर गेली.
"इथे काहीतरी असायचं ना?"

व्हिएनो हात पुसत राहिली, पुसून झाले तरी.
तुओमोने टॉर्च बंद केला.
"औलिक्की," तो म्हणाला,
"तो कप आधी खाली ठेव."